गळका पंप शाळेत आणा

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत काय काय आहे, याची एकदा यादी करून पाहा. भिंगे असतील, लोलक असेल, चुंबकपट्ट्या आणि परीक्षानळ्या असतील. एक वस्तू मात्र त्या यादीत बहुधा नसेल. ती म्हणजे एखाद्या जुन्या बुलडोझरचा, रोड रोलरचा किंवा ट्रॅक्टरचा गळका पाण्याचा पंप. विहिरीवरचा पंप मी म्हणत नाही. इंजिनाला थंड ठेवण्यासाठी त्याच्या पोटातून सतत पाणी फिरवणारा, पंख्याच्या मागे बसवलेला तो ओतीव लोखंडाचा लहानसा पंप. भंगारवाल्याकडे तो किलोच्या भावाने मिळतो. माझे मत असे आहे की, प्रत्येक माध्यमिक शाळेने असा एक पंप विकत आणावा, आणि विद्यार्थ्यांनी तो खोलून, तपासून, दुरुस्त करून पाहावा. तसे का म्हणतो, ते आता सांगतो.

प्रथम या पंपाचे काम समजून घेऊ. डिझेल इंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णतेचेच कामात रूपांतर होते. तेवढीच धुरावाटे बाहेर जाते आणि उरलेल्या भागातील बरीचशी पाण्याला न्यावी लागते. शंभर अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ७५ किलोवॅटचे एक इंजिन घ्या. पूर्ण ताकदीने चालताना त्याच्या पाण्याला दर सेकंदाला समजा ६० किलोज्यूल उष्णता वाहून न्यायची आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढायला ४.२ किलोज्यूल लागतात, हे तुम्ही शिकला आहात. इंजिनात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानात सात अंशांचा फरक ठेवायचा म्हटले, तर सेकंदाला किती पाणी फिरले पाहिजे? ६० ला ४.२ ने भागा, आलेल्या उत्तराला ७ ने भागा. सुमारे दोन लिटर येते. म्हणजे मिनिटाला १२० लिटर, पंधरा लिटरच्या आठ बादल्या! तेच ते पाणी पुन्हा पुन्हा फिरते म्हणून हे जमते.

आता पंप बंद पडला असे समजा. इंजिनात आणि रेडिएटरमध्ये मिळून ४० लिटर पाणी असेल, तर वरच्याच आकड्यांनी हिशेब करा. सगळे पाणी सारखे तापते असे धरले, तरी ते मिनिटभरात सुमारे वीस अंशांनी तापेल. प्रत्यक्षात पाणी फिरतच नसल्यामुळे सिलिंडरभोवतीचे थोडेसे पाणीच सगळा मार खाते आणि त्याहूनही आधी उकळू लागते. मग सिलिंडरचे हेड वाकते, गास्केट जळते, क्वचित इंजिन जागीच अडकते. हाताएवढ्या पंपासाठी एवढे मोठे यंत्र निकामी होते.

वर्धा जिल्ह्यात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची आहे. मातीकामाचा हंगाम म्हणजे पावसापूर्वीचे महिने, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. नवतपा कशाला म्हणतात, हे विदर्भातल्या मुलांना सांगायला नको. रेडिएटरमधील पाणी ८५ अंशांवर आहे असे समजा. हवा २० अंश असेल, तर दोघांत ६५ अंशांचा फरक पडतो. हवा ४६ अंश असेल, तर तोच फरक ३९ वर येतो. उष्णता बाहेर टाकण्याचा वेग या फरकाच्या प्रमाणात असतो. याचा अर्थ, तोच रेडिएटर नवतप्यात हिवाळ्याच्या साठ टक्केच उष्णता बाहेर टाकू शकतो. थंडीत कसाबसा निभावून जाणारा दुबळा पंप मे महिन्यात दगा देतो, तो यामुळे.

आर्वी तालुक्यातील काकडदरा या गावाने २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. त्या वर्षी स्पर्धेचे दिवस होते ८ एप्रिल ते २२ मे. गावोगावच्या लोकांनी ऐन उन्हात चर खणले, बांध घातले आणि श्रमदानाच्या जोडीला यंत्रांनीही कामे झाली. अशा पंचेचाळीस दिवसांत एखादे यंत्र आठ दिवस उभे राहिले, तर तेवढे काम पुढच्या वर्षावर जाते आणि त्या वर्षीचा पाऊस तसाच वाहून जातो. गळक्या पंपाची किंमत नुसती रुपयांत मोजून भागत नाही, ती अशी.

पण पंप गळतो तरी का? पंपाच्या आत पात्यांचे चक्र फिरते. ते पाण्याला गोल फिरवून बाहेरच्या बाजूला फेकते. या चक्राचा दांडा पंपाच्या भिंतीतून बाहेर येतो आणि त्याच्या बाहेरच्या टोकावरची पुली पट्ट्याने फिरते. इथेच खरी अडचण आहे. दांडा फिरायचा तर त्याच्याभोवती थोडी तरी फट हवी, आणि फट ठेवली की पाणी बाहेर येणार. फिरणाऱ्या दांड्याभोवतीची फट कशी बंद करायची, या प्रश्नावर माणसाने फार बुद्धी खर्च केली आहे.

जुना उपाय ग्लँडचा. दांड्याभोवती मेणचट, ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचे वेढे भरायचे आणि वरून टोपी आवळायची. ही दोरी दांड्याला घासते, म्हणून तिला ओलावा लागतो. अशा पंपातून अधूनमधून एखादा थेंब पडत राहिला पाहिजे. टोपी इतकी आवळली की थेंबच पडेना, तर दोरी जळते आणि दांड्याला खाच पडते. या पंपात थेंब हे आरोग्याचे लक्षण आहे!

नंतरचा उपाय यांत्रिक सीलचा. यात दोन कड्या असतात. एक बहुधा कार्बनची आणि दुसरी चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाची. एक स्थिर राहते, दुसरी दांड्याबरोबर फिरते आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. त्यांची पृष्ठे इतकी सपाट घासलेली असतात की, चढउतार सुमारे एका मायक्रॉनच्या आत राहतो. तुमचा केस यापेक्षा कितीतरी पटींनी जाड असतो. हा सपाटपणा तपासायला प्रकाशलहरींचे व्यतिकरण वापरतात. पुस्तकातले काळे-उजळ पट्टे इथे कारखान्यात कामाला येतात. दोन कड्यांच्या मधे पाण्याचा अतिशय पातळ थर राहतो आणि तोच त्यांचे वंगण होतो. म्हणूनच पाणी नसताना इंजिन थोडा वेळ जरी चालवले, तरी सील जळू शकते.

या सीलच्या पलीकडे दांड्याचे बेअरिंग असते. सील झिजले तर पाणी सरळ बेअरिंगमध्ये शिरेल, ग्रीस धुऊन नेईल आणि पोलादी गोळ्या गंजतील. हे टाळण्यासाठी पंप बनवणाऱ्याने एक साधी युक्ती केलेली असते. सील आणि बेअरिंग यांच्या मधे, पंपाच्या खालच्या अंगाला, तो एक छोटेसे भोक ठेवतो. सीलमधून निसटलेले पाणी त्या भोकातून खाली टपकते. बेअरिंग वाचते आणि चालकाला वर्दीही मिळते. या पंपात टिकून राहिलेला थेंब म्हणजे आजाराची सूचना. थेंब तोच, पण एका पंपात त्याचा अर्थ एक आणि दुसऱ्यात नेमका उलट!

आता पाहा, हे भोक पुष्कळदा कसे वागवले जाते. कोणी त्यात लाकडी खुंटी ठोकतो, कोणी साबण भरतो, कोणी चिकट लांबी लावतो. गळती थांबते आणि सगळे खूश होतात. सेकंदाला एक थेंब पडत होता असे धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे आठ तासांत दीड लिटरही पाणी जात नव्हते. चाळीस लिटरांत ते सहज भरून काढता आले असते. पण भोक बुजवल्यामुळे पाणी बेअरिंगकडे वळले. काही दिवसांनी बेअरिंग करकरू लागते, दांडा डगमगतो, पंखा रेडिएटरवर आपटतो आणि जाळी फाडतो. थेंबाचे नुकसान थोडे होते. सूचना दडपल्याचे नुकसान मोठे झाले.

दुरुस्तीची खरी सुरुवात पान्याने होत नाही, प्रश्नाने होते. पाणी नेमके कुठून येते आहे? रबरी नळीच्या जोडातून, पंपाखालच्या गास्केटमधून, ओतीव भागाच्या तड्यातून की त्या भोकातून? पंख्याचा वारा पाणी चहूकडे उडवतो, त्यामुळे जिथे ओले दिसते तिथेच गळती आहे असे नसते. जाणता मिस्त्री इंजिन थंड करतो, पंप पुसून कोरडा करतो आणि मग लक्ष ठेवतो. यासाठी तुमच्या वर्गातली एक वस्तू फार उपयोगी आहे: खडू! कोरड्या पंपावर खडूची पूड चोळा. जिथे पूड सर्वांत आधी भिजेल, तिथे गळतीचे मूळ आहे.

मूळ सापडले तरी प्रश्न संपत नाही. सील झिजले, पण का झिजले? पट्टा फाजील ताणलेला होता का? ताणलेला पट्टा दांड्याला एका बाजूला ओढतो, बेअरिंग ढिले होते, दांडा हलू लागतो आणि सीलच्या कड्या एकमेकींवर नीट टेकत नाहीत. की पाण्याचा दोष आहे? वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसला आहे. अनेक विहिरींचे पाणी जड असते. ते तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. तात्पुरत्या जडपणाचा हा धडा तुम्ही पाठ केला असेल. त्याच थराचे कण सीलच्या कड्यांमध्ये शिरून त्यांना ओरखडतात, आणि सिलिंडरभोवती बसलेला थर उष्णता अडवून धरतो. नुसते सील बदलून पुन्हा विहिरीचेच पाणी भरले, तर काही महिन्यांनी तोच थेंब पुन्हा हजर! ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक द्रव वापरला, तर सील टिकते.

मूळ कारण दूर केल्यावर हाताचे काम सुरू होते. चक्र ओढणीने सरळ काढायचे, हातोड्याने ठोकायचे नाही. नव्या सीलच्या घासलेल्या पृष्ठाला तेलकट बोट लावायचे नाही. जुन्या गास्केटचा कण न् कण खरवडायचा. बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जायचे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचे नाही, कारण एकदम आकुंचन होऊन कडी किंवा हेडही तडकू शकते. यातल्या एकेका नियमामागे तुमच्या पुस्तकातले एकेक प्रकरण उभे आहे.

निरीक्षण, अंदाज, चाचणी, कारण आणि कारणामागचे कारण. हीच विज्ञानाची रीत आहे, असे आपण पहिल्याच पाठात शिकवतो. मग ती रीत वर्षानुवर्षे रोज वापरणाऱ्या मिस्त्रीला आपण अडाणी समजतो आणि व्याख्या पाठ म्हणणाऱ्याला हुशार म्हणतो, हे कसे? मला वाटते, यात मिस्त्रीचा अपमान तर होतोच, पण तोटा आपलाच अधिक होतो. त्याची विद्या कागदावर उतरत नाही. तो थकला की ती त्याच्याबरोबर जाते.

ही तक्रार नवी नाही, आणि तिच्यावरचा उपाय याच वर्ध्यात सुचवला गेला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दिवशी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जी योजना आखली, ती देशभर वर्धा योजना म्हणून ओळखली गेली. मुलाने एखादा उत्पादक उद्योग शिकावा आणि गणित, विज्ञान, भूगोल हे विषय त्या उद्योगातूनच उलगडावेत, हा तिचा गाभा. सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी ते काम चालवले. त्या काळी टकळी आणि चरखा ही साधने घेतली, कारण ती घरोघरी होती. आज खेड्यातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टर आहे, जेसीबी आहे, पोकलेन आहे. टकळीवरून गुणाकार शिकवता येत होता, तर पंपावरून उष्णतेचे गणित का शिकवता येऊ नये? पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत विज्ञान शिकता येते, हे दाखवून दिले. म्हणजे वाट मळलेली आहे, आपल्याला फक्त चालायचे आहे.

यावर काही आक्षेप येतील, तेही पाहू.

पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, तिथे पंप कुठे खोलत बसायचे? पण विशिष्ट उष्मा, पाण्याचा जडपणा, घर्षण, प्रसरण, दाब हे सगळे अभ्यासक्रमातच आहे. पंप हा वेगळा धडा नाही, चार धड्यांचे एकत्र उदाहरण आहे. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवावेत, अशी शिफारस आहे. सुतार आणि कुंभार यांच्या पंक्तीला मोटार-मिस्त्री बसवायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप धोक्याचा. हा रास्त आहे. चालू इंजिनाच्या पंख्याजवळ विद्यार्थ्याने जाऊ नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर कोणीच उघडू नये, कारण आतले पाणी दाबाखाली असते. दर चौरस इंचाला सात पौंड जादा दाबाचे झाकण असेल, तर पाणी शंभराऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते. झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते पाणी भसकन उसळून अंगावर येते. गंजरोधक द्रवात बहुधा असणारा इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असतो. म्हणूनच मी म्हणतो, शाळेत फक्त काढून आणलेला, धुतलेला पंप हवा. टेबलावरचा पंप कुणाला भाजत नाही.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. जुनी यंत्रे दुरुस्त करून वापरत राहण्यापेक्षा नवी का घेऊ नयेत? काही वेळा हे बरोबरच असते. जे इंजिन काळा धूर ओकते, दुप्पट डिझेल पिते, त्याचा पंप बदलून उपयोग नाही. पण हा निर्णय हिशेब करून घ्यावा, दुरुस्ती येत नाही म्हणून नव्हे. एका सीलपायी सगळे यंत्र भंगारात काढणे म्हणजे त्यात ओतलेले लोखंड, कोळसा आणि श्रम फेकून देणे होय.

या बाबतीत एक जुनी जाहिरात लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी कडक होत्या. त्यांतली एक अशी की, वेळच्या वेळी देखभाल केल्यास यंत्र किमान वीस वर्षे चालले पाहिजे आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होता कामा नये. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही, पण अट पाहा! दुरुस्ती ही यंत्र मोडल्यावर सुचण्याची गोष्ट नसून ते आखतानाच ठरवण्याची गोष्ट आहे, हे त्यात स्पष्ट आहे. फ्रान्सने २०२१ पासून काही उपकरणांवर ती किती दुरुस्तीयोग्य आहेत याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. भारत सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा आखण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत शेतीची यंत्रे घेतली. पण कागदावर मिळालेला हक्क वापरायला हातात कसब लागते. ते कायद्याने येत नाही, शिकावे लागते.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनो, यंदा एवढे करून पाहा. एक ग्लँडचा आणि एक सीलचा, असे दोन जुने पंप मिळवा. गावातल्या एखाद्या अनुभवी मिस्त्रीला सन्मानाने वर्गात बोलवा आणि शिकवण्यासाठी खुर्ची द्या. तो काय करतो ते त्याने सांगावे, तसे का होते ते तुम्ही सांगावे. आणि मित्रहो, तुम्ही वही काढून भोकाची जागा, दांड्याची झीज, बेअरिंगचा रंग टिपून घ्या. हा पंप का गळला असेल, याचा अंदाज प्रत्येकाने आधी लिहून ठेवावा आणि मगच तो खोलावा. ज्याचा अंदाज चुकेल, त्याने तो का चुकला ते शोधावे. त्या दिवशी सर्वांत जास्त विज्ञान तोच शिकलेला असेल.